मामाचं घड्याळ आणि शालनचा मुहूर्त

सातारा, मे अखेर १९७६

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

धाकट्या मानसिंगचा दंडवत. (खरोखर जमिनीवर पालथा पडून घातला आहे. शेजारच्या हरणाबाई मला चक्कर आली समजून तांब्या घेऊन धावल्या.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? आमची सौ. चंद्रा शालनच्या लग्नापासून तुझ्याकडंच आहे, म्हणजे खुशालच असणार. मी इथं स्वतःच्या हातचं खातो, तेव्हा माझी खुशाली विचारू नकोस. तशी तू विचारणारही नाहीस म्हणा. त्या दिवशी चार माणसांत "मला भाऊ न्हाई" म्हणालीस, ते अजून कानात आहे. पण अक्का, सख्खा मामा असून मी शालनच्या लग्नाला का पोचलो नाही, हे ऐकून तरी घे. मला स्वतःलाही ते नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर दोघांचंही बरं होईल.

पलटणीत मी सिग्नलमध्ये होतो हे तुला ठाऊक आहे. पेन्शनीत आल्यावर लोक कोंबड्या पाळतात, मी वेळ पाळायला घेतली. पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगार आणून एक खोकं बांधलं. त्याला चावी नाही, काटे नाहीत, काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे पेटतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. खोकं ते मोजतं आणि पन्नास भरले की सेकंद पुढं ढकलतं. (दाजी म्हणतील, वीज काय पाळणा हाय व्हय? असू दे.) संध्याकाळी रेडिओवर दिल्लीहून वेळेचे ठोके येतात, त्यांच्याशी आकडे जुळवायचे. गल्लीतले लोक आपापली घड्याळं लावून घ्यायला यायचे आणि मी त्यांना चहा पाजून वेळ द्यायचो. चंद्रा म्हणायची, "साखर संपली. वेळ तेवढी लय हाय."

आता चूक कुठं झाली बघ, म्हणजे झाली असली तर. मनात शंका आली की वीज खरोखर पन्नासच हेलकावे खाते कशावरून? म्हणून सेकंदाला किती हेलकावे येतात ते दाखवणारं दुसरं खोकं बांधलं. लावलं तर पन्नास! सकाळी पन्नास, रात्री पन्नास, तसूभर हलेना. आनंदाच्या भरात मी पेढे वाटले. फक्त एवढंच, की "एक सेकंद झाला" हे दुसऱ्या खोक्याला सांगायचं काम मी पहिल्या खोक्याकडं दिलं होतं, आणि पहिलं खोकं सेकंद ठरवतं ते पन्नास हेलकाव्यांवरूनच. शेर खोटा असला तरी त्याच शेरानं मोजला तर शेरच भरायचा की! हे मला आज सकाळी स्वच्छ कळलं होतं. दुपारी जेवल्यावर पुन्हा गोंधळ झाला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दिल्लीच्या ठोक्यांवर खोकं बिनचूक लावलं. सकाळी चंद्रा जरीचं लुगडं नेसून, पिशवीत माझा फेटा घालून दारात उभी. "आवं, चला की, सांगलीची गाडी सुटंल." मी म्हटलं, आकडे बघ, अजून अर्धा तास आहे, दाढी करतो. ती म्हणाली, दूधवाला कवाच येऊन गेला. मी विचारलं, दूधवाल्याला हेलकावे मोजता येतात का? ती पिशवी घेऊन एकटीच निघाली. मी निवांत चहा घेऊन स्टँडवर पोचलो, तर गाडी नाही. तिथल्या साहेबाला फैलावर घेतलं, की गाडी वेळेआधी सोडलीच कशी? त्यानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, ते चुकलंय. त्यानं मनगट दाखवलं. मी म्हटलं, तेही चुकलंय. मग रांगेतल्या सगळ्यांनीच आपापली मनगटं पुढं केली. अख्ख्या साताऱ्याची घड्याळं एकाच दिवशी बिघडावीत हे मला विचित्र वाटलं, पण खोक्याची शंका काही आली नाही. (या वादात दुसरी गाडीही गेली.)

पोचलो तेव्हा मांडवाचं कापड गुंडाळत होते. शालन सासरी गेलेली. भटजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणून हाका मारल्या, मामा नाही, शेवटी माझा फेटा खांद्यावर टाकून मामीच पाठीशी उभी राहिली, हे दाजींनी सांगितलं. तू पाठ फिरवलीस. लय वाईट वाटलं, अक्का.

घरी येऊन शोध लावला तो असा. उन्हाळ्यात रात्री कृष्णाकाठच्या साऱ्या मोटारी उसाला पाणी पाजू लागल्या की वीज दमते आणि पन्नासाच्या जागी अठ्ठेचाळीसच हेलकावे खाते. खोकं बिचारं पन्नास भरेपर्यंत थांबून राहतं. तसं ते रात्रभरात पंचवीस मिनिटं मागं पडलं. आता मला सांग, त्या रात्री दाजींची मोटार चालू होती की नाही? (घरात लग्न आहे म्हणून उसानं उपास केला असेल, असं मला वाटत नाही.) म्हणजे नवरीच्या बापानंच नवरीच्या मामाला घरी बसवून ठेवलं! मी दोष देत नाही, आपलं सहज लक्षात आणून देतो.

तरी राग सोडावास. घरात नको, निदान ओसरीवर तरी बसू दे.

तुझा (तू म्हणशील तर) भाऊ,
मानसिंग

ता.क. चंद्राला पाठवून दे. तिला सांग, साखर आणून ठेवली आहे.

ता.क. दाजी एक रात्र मोटार बंद ठेवतील का? खोकं दुरुस्त करून पारखायचं आहे. एकट्या दाजींनी भागणार नाही, तेव्हा आसपासच्या मळ्यांनाही त्यांनीच सांगावं.

आणखी ता.क. पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेलो, तर बँडवाला चांदसाहेब भेटला. तुमच्या मांडवात वाजवायला तोच होता. म्हणाला, मुहूर्ताला शालन गौरीहरापुढून उठेचना. "मामाचं घड्याळ चुकत न्हाई. त्यो येतोय, थांबा." भटजी ओरडले, वरपक्ष रुसला, तू दंडाला धरून ओढलंस, तरी पोरगी हलली नाही. पंचवीस मिनिटं बँड गप्प. मग चंद्रानं फेटा खांद्यावर घेतला, तेव्हा उठली. हे तू मला सांगितलं नाहीस, अक्का. मी भर बाजारात रडलो. चांदसाहेबानं मला टांग्यात घालून घरी आणलं.

आता डोकं शांत झाल्यावर बघतो, तर माझ्या घड्याळाप्रमाणं शालनचं लग्न अगदी मुहूर्तावर लागलं आहे. ते खोकं आता दुरुस्त करायचं नाही. दाजींना सांग, मोटार खुशाल चालू ठेवा.