चाळीस किलोमीटरचा रविवार

११ जानेवारी, रविवार, सकाळी ७
नवी वही. संकल्प अकरा दिवस उशिरा, पण पक्के. यंदा गाडीवर वायफळ खर्च नाही. लेकीचा, ठमीचा, एकही रविवार चुकवायचा नाही. तिच्या आईच्या नव्या नवऱ्याला, म्हणजे त्या सद्गृहस्थांना, मनातल्या मनातसुद्धा नावं ठेवायची नाहीत.
गाडीचा काटा: ९,४१२ किलोमीटर. बारा वर्षांत! दोन सीटची स्पोर्ट्स कार, शंभरचा वेग पाच सेकंदांत (अजून घेतलेला नाही), आणि रनिंग एवढंसं. जपलीच आहे तशी. एक रविवार आड ठमीला आणायचं, फिरवायचं, सोडायचं. चाळीस किलोमीटर. बाकी दिवस गाडी शटरच्या आत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बॅटरी उतरली होती. धक्का मारायला दोन माणसं मिळेपर्यंत ठमी सव्वा तास मेडिकलच्या दुकानापाशी उभी. हल्ली घरासमोर येऊ नको म्हणते, कोपऱ्यावर थांब म्हणते. गाडीला वळायला सोपं जावं म्हणून. सतरा वर्षांची पोर, पण समज केवढी!
सद्गृहस्थांचं ते करड्या रंगाचं डबडं म्हणे एका किल्लीत चालू होतं. होईल नाही तर काय, त्यात आहे काय बिघडण्यासारखं? तिसरा संकल्प उद्यापासून.

१७ जानेवारी
नवी बॅटरी. अर्धा पगार. मेकॅनिक म्हणाला, साहेब, चालवा हो तिला, उभी राहून राहून मरतेय. याचं काय जातंय सांगायला. मी लिफ्ट कंपनीतला माणूस. दिवसभर लोकांच्या इमारतींत दोऱ्यांना ग्रीस लावतो. ते हात घेऊन त्या स्टिअरिंगला बसू? कामाला सायकल बरी. गाडी फक्त ठमीची.

८ फेब्रुवारी, रविवार
ठमीला क्लास. येणार नाही. गाडी धुऊन ठेवली होती. दुपारी पुन्हा धुतली.

१२ फेब्रुवारी
विम्याचा हप्ता. एजंटने वर्षाचं रनिंग विचारलं. मी ऐटीत वही काढली. आदल्या वर्षी ९६०, गेल्या वर्षी ६४०. दर वर्षी कमीच होत चाललंय. एजंट म्हणाला, असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. तरी हप्ता पैशानेही कमी केला नाही लेकाने.

२२ फेब्रुवारी, रविवार
ठमी आली! उंच झालीय. गुडघे डॅशबोर्डला टेकतात. येताना हेडफोन लावून होती. इंजिनाचा आवाज काही सगळ्यांनाच झेपत नाही.
मध्येच म्हणाली, बाबा, आपण एकदा बसने फिरू या ना, निदान बोलता तरी येईल. मी म्हटलं, अगं, तूच मांडीवर बसून हॉर्न वाजवत म्हणाली होतीस ना, ही गाडी कधी विकायची नाही म्हणून? ती म्हणाली, तेव्हा मी सहा वर्षांची होते, मला डायनासोरही पाळायचा होता.
खूप हसलो. ती कमी हसली.

८ मार्च, रविवार
 नीट लिहितो.
कॉफी प्यायला बसलो होतो. ठमी कपाकडे बघत म्हणाली, पुढचं वर्ष परीक्षेचं. घरात दीड वर्षाचा भाऊ, दिवसभर रडतो, त्याच्यावर राग काढावासा वाटतो आणि मग स्वतःचाच राग येतो. जूनपासून वर्षभर तुझ्याकडे राहायला येऊ का? आईला विचारलंय, आई हो म्हणालीय.
मी हो म्हटलं. बहुतेक तीनदा. मग तोंड धुवायला गेलो, कारण मुलीसमोर बापाने असं रडायचं नसतं. नऊ वर्षं झाली ती माझ्या घरातून गेल्याला. ती आपण होऊन येतेय.

९ मार्च
टेप घेऊन मोजलं. माझी खोली दहा बाय दहा. त्यात पलंग, शेगडी, सायकल आणि मी. खिडकी नाही. गाडीचं गॅरेज अठरा बाय दहा, कोरडं, हवेशीर, आणि भाडं माझ्या खोलीपेक्षा जास्त. चार वर्षांपूर्वी दोन खोल्यांचं घर सोडलं ते गॅरेज परवडावं म्हणूनच. गाडी उघड्यावर असायची, उन्हाने रंग उडायला लागला होता. ठमीच्या खोलीत तसंही पंधरा दिवसांतून एकदाच कुणी झोपायचं.
तर निर्णय. मे संपायच्या आत दोन खोल्यांची जागा. जून कुठे आलाय अजून.

२८ मार्च
मेकॅनिकने टायर बदलायला सांगितले. मी म्हटलं, नक्षीसुद्धा झिजली नाही! तो म्हणाला, झिजायला चालवावी लागते, पण आठ वर्षं झाली, रबर तडकलंय, हे तारखेनेच म्हातारे होतात. मापही असं की बाहेरून मागवावे लागतात. चार टायर, अडीच पगार.
जागेच्या डिपॉझिटसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. पण विचार केला तर हे ठमीचंच काम झालं. ती इथे आली की रोज क्लासला कोण सोडणार? तडकलेल्या टायरवर लेकीला बसवू? जागा काय, महिनाभरात बघता येईल.

१९ एप्रिल, रविवार
ठमीने जागेचं विचारलं. बघतोय म्हटलं. मग नवे टायर दाखवले. ती खाली वाकून बघत राहिली. छान आहेत म्हणाली.

१७ मे, रविवार
गाडी चालूच होईना. टाकीतलं पेट्रोल शिळं झालंय म्हणे. पेट्रोलही शिळं होतं हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. पंप साफ करायचा, क्लचही चिकटलाय. ठमीला फोन केला. ती म्हणाली, मग तू बसने ये ना. मी म्हटलं, छे, माझ्या लेकीला मी असा न्यायला येणार?
रविवार बुडाला. माझा काय दोष? पेट्रोलचा.

३१ मे, रविवार
मान्य, मे संपला. पण युक्ती अशी सुचलीय की ज्याचं नाव ते!
गॅरेजमध्ये भिंतीला फोल्डिंगचं टेबल लावलं. वर ट्यूबलाइट. अभ्यास तिथे करायचा, झोपायला माझी खोली, मी खाली गादी टाकीन. वाचायला बसायचं तर गाडीची सीट आहेच, अस्सल लेदर, मागे रेलताही येते. दुरुस्त झालेल्या गाडीतून ठमीला घेऊन आलो, शटर वर केलं, गाडी आत लावली, म्हटलं, बोल!
ती पुन्हा गाडीत बसली.  मग म्हणाली, बाबा, इथे गाडी राहते आणि तुझ्या खोलीला खिडकी पण नाही. मी म्हटलं, मला खिडकी घेऊन करायचंय काय, मी तर दिवसभर लिफ्टच्या बोगद्यात. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. राहू दे बाबा, म्हणाली.
डोळ्यांत पाणी होतं तिच्या. पेट्रोलचा वास असतोच जरा आत.

१४ जून, रविवार
ठमी आली नाही. तिची सोय तीच बघतेय असं म्हणाली. आवाज चिडका नव्हता. चिडली असती तर बरं झालं असतं.
शटर उघडून गाडीत बसलो. अकरा वाजल्यापासून दोनपर्यंत. आणि मग एकदाचा डोक्यात प्रकाश पडला. मी गाढव आहे. लेकीला न्यायला-आणायला गाडी हवी म्हणून मी लेकीची खोली गाडीला दिली. नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो की पोरगी गाडीवर भाळून येते. गाडी नसली तर येणारच नाही, अशी भीती होती मला. कुणाला सांगितलं नाही, या वहीतही नाही.
विकायची. नऊ हजारांवर रनिंग, लोक तुटून पडतील. त्यात तीन खोल्या येतील.

२० जून
एक गिऱ्हाईक येऊन गेलं. काटा बघून म्हणाला, एवढी कमी का चालली, काही भानगड आहे का? दुसरा नुसताच हसला. मेकॅनिकच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर आहेत, ते घेतो म्हणाले. मी धरलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात. मी भाव ताणला. त्यांनी चहा संपवला आणि उठले. मग मीच मागे धावलो.

२ जुलै, गुरुवार
गाडी गेली. डॉक्टर पहिला गिअर टाकताना तिला बंद पाडून बसले. मी तोंड फिरवलं.
पण जागा मिळाली! दोन खोल्या, एकीला पूर्वेची खिडकी. ती ठमीची. पलंग सांगितला, टेबल सांगितलं. कळवायचं नाही. बारा तारखेला आपला रविवार, तेव्हा थेट किल्ली हातात द्यायची. माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तिचे फोन उचलायचेच नाहीत असं ठरवलंय. परवा तीनदा आला, आज दोनदा. मेसेजही: बाबा, फोन घे ना, बोलायचंय. मी उत्तर दिलं: रविवारी. सरप्राइज!

९ जुलै, गुरुवार
स्टुलावर चढून पडदा लावत होतो तेव्हा सकाळी पुन्हा फोन. कट केला. हसूच आलं. तीन दिवस दम धर, ठमे.
पडदा पिवळा आहे. आवडेल ना? नसेल तर बदलू.

१२ जुलै, रविवार
बसने गेलो. किल्ली खिशात. मेडिकलच्या कोपऱ्यावर अर्धा तास थांबलो, मग सरळ घरी गेलो. कित्येक वर्षांत त्या दारात उभा राहिलो नव्हतो.
सद्गृहस्थांनी दार उघडलं. कडेवर लहानगा. मला बघून गडबडले. म्हणाले, अहो, ठमी गुरुवारीच गेली. हॉस्टेलवर. दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला ना तिला. तुम्हाला रोज फोन लावत होती, असं मेसेजवर सांगायचं नव्हतं तिला. निघतानासुद्धा गाडीत बसून लावला, तुम्ही कामात असाल म्हणाली.
मी म्हटलं, हो, कामात होतो.
आत या म्हणाले. बसलो. ठमीची आई पाणी घेऊन आली, समोर बसली. तुम्हालाच सोडायला बोलावणार होतो, ते म्हणाले, पण गादी, पंखा, चार बॅगा. तीच म्हणाली, बाबाच्या गाडीत मावणार नाही, त्याला उगाच वाईट वाटेल.
गाडी विकली हे मी सांगितलं नाही.  तो लहानगा माझ्या बुटाची लेस ओढत होता.
ऊन फार आहे म्हणून स्टॉपपर्यंत सोडतो म्हणाले. त्या करड्या गाडीत बसलो. पाय लांब करता येतात. आवाज अजिबात नाही. गृहस्थ सांगत होते, पोचायला चार तास लागले, पण कळले नाहीत, पोरगी वाटभर बोलत होती, एक मिनिट गप्प नाही.
काय काय बोलली, असं विचारायचं होतं.  स्टॉप आला. मी आभार मानले आणि उतरलो.