खांडबाऱ्याच्या बरणीतली मुशी

४ डिसें. १९३४
सुरतेच्या गाडीने रतिलाल गार्डने समुद्राचं पाणी आणलं. बरणीतलं निम्मं बदललं. त्यानेच किनाऱ्यावरून आणून दिलेलं मुशीचं अंडं ठीक. चपटं, तपकिरी, चामडी पाकिटासारखं. कंदिलापुढे धरलं, आत वळवळ दिसली. स्टे. मास्तर म्हणाले, "पार्सलबाबू, समुद्र कुठे, खांडबारा कुठे! मुशी काय उबवताय?" उबवतोय. तळाला दडणारी ही पट्ट्यांची लहान मुशी, शार्कचीच एक जात, आता जाळ्यात गावतच नाही, असं सुरतेजवळच्या डुमसचे मच्छीमार रतिलालला सांगतात. मग तर उबवणारच.

११ डिसें.
आत्याला 'औषध आहे' अशी थाप मारली होती. आज बिंग फुटलं. जन्मभर घरात मासळी शिरू न दिलेली बाई. "मन्हा देव्हाराजोडे मासा? फेकी दे." बरणी ओसरीवर हलवली. आत्याने ताट लांबूनच सरकवलं. तरी फेकणार नाही म्हणजे नाही.

१९ डिसें.
निघाली! पाकीट एका टोकाला फाटलेलं, तळाशी बोटाहून थोडी लांब मुशी. काळे-पांढरे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. पोहायचं सोडून परांवर चक्क रांगते. मास्तर चष्मा पुसपुसून बघून गेले. आता बोला म्हणावं! आज मला आभाळ ठेंगणं.
आत्या दारातूनच: "रांगस का?"
"रांगते."
"मंग लेकरूच शे."

२३ डिसें.
आत्याने पाचवी पुजली. बरणीला हळदकुंकू, पुढे दिवा. मास्तरीणबाईही आल्या. मी हसलो तर आत्या रागावली.
रतिलाल म्हणतो, पोटातली बलकाची शिदोरी संपली की हिला जिवंत झिंगे लागतील. आत्यापुढे झिंग्याचं नाव कोण काढणार?

२८ डिसें.
सकाळपासून मुशी निपचित. जीव तुटतो. परतीच्या गाडीने समुद्रात पाठवावी म्हणून डबा धुतला. रतिलाल येणारच.
आत्या बाजारातून आली. पदराखाली द्रोण, द्रोणात नदीचे जिवंत झिंगे. मासळीची पाटी दिसली की वाट बदलणारी ही बाई! विकणारी हसली म्हणे. "सांगी दिनं तिले, मन्हा घरमा लेकरू उपाशी शे." डोळे मिटून, रामाचं नाव घेत स्वतःच्या हाताने बरणीत सोडले.
ओसरीवर बसून लिहितोय. एक झिंगा मुशीच्या तोंडाजवळ. तिची मिशी हलली, की मलाच भास? गाडीची शिट्टी झाली. रतिलाल दारात, डबा मागतोय.
आत्या बरणीवरची नजर काढत नाही.
"थांब सांग त्याले. लेकरू जेवी ऱ्हायनं."