न काढलेल्या गर्भाशयाची नोंद पूर्ववत करण्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
कॉटन रिज रुग्णालय,
बेल्स क्रॉसिंग, जॉर्जिया.

विषय : माझे गर्भाशय माझ्याकडेच असल्याची नोंद घेणेबाबत.
संदर्भ : १) माझे दि. ६ जून व १४ ऑगस्टचे अर्ज. २) आपले दि. ५ सप्टेंबरचे एका ओळीचे पत्र ("नोंद घेतली आहे").

महोदया,

मी रेनिटा स्टोव्हॉल, वय ३६, शाळेची बस चालवते. आपल्या दप्तरी माझे गर्भाशय गेल्या वर्षी ९ मार्च रोजी काढल्याचे नमूद आहे. ते काढलेले नाही. त्या सकाळी साडेसात वाजता मी रुग्णालयाचा झगा घडी करून खाटेवर ठेवला आणि घरी गेले. असे का केले, ते आपल्या माहितीस्तव सादर करते.

१. माझ्या गर्भाशयात गाठी होत्या. महिन्यातले बारा-बारा दिवस रक्त जाई. बसमध्ये पोरे असताना चालकाला उतरता येत नाही, म्हणून मी सीटवर काळा टॉवेल टाकून गाडी चालवत असे. आपले डॉ. प्रेस्कॉट यांनी मला नऊ मिनिटे तपासले. "तुमच्या लोकांतल्या बायकांना हे असतंच," ते म्हणाले. "पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." मला अजून मूल नाही, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी सहीचा कागद पुढे सरकवला. माझ्या कागदांत त्यांनी 'वेदना सहन करण्याची क्षमता उत्तम' असा शेरा मारला. तो चुकीचा आहे. मी रडले नाही, कारण आईने लहानपणीच बजावले होते, "डॉक्टरपुढे रडू नकोस गं, नशेच्या गोळ्या मागायला आलीय असं वाटतं त्यांना."

२. आईचाही सल्ला सही करण्याचाच होता. "माझी काढली, तुझ्या मावशीची काढली, आजीची तर न विचारताच काढली. कोण मेलं?" मेले कोणीच नाही. मी सही केली.

३. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बस डेपोत उकडलेल्या शेंगा खाताना माझी सहकारी जोलीन हचेसन हिने पर्समधून एक पुस्तिका काढली. जोलीनही बसच चालवते. विमा तोच, डॉक्टर तेच, गाठही तीच. फक्त जोलीन गोरी आहे. तिच्यासमोर डॉक्टर पाऊण तास बसले होते आणि त्यांनी तिला चार उपाय चित्रांसह समजावले होते.
"तुला कुठला सांगितला?" तिने विचारले.
"मला पुस्तिका नाही दिली. सहीचा कागद दिला."
जोलीन लाल झाली. "हे बरोबर नाही, रेनिटा!"
"तुला आज कळलं, बरं झालं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून मी डॉक्टरांना पुस्तिकेतला दुसरा उपाय विचारला : नुसत्या गाठी काढायच्या, पिशवी ठेवायची. "तुमच्यासारख्या केसमध्ये ते नाही करत," ते म्हणाले. माझ्यासारखी म्हणजे कशी, असे विचारताच त्यांनी घड्याळ पाहिले. मी खाटेवरून उतरले. शस्त्रक्रिया 'पूर्ण' झाल्याची नोंद मात्र माझ्याविना झाली.

४. सहा महिन्यांनी अटलांटात डॉ. इमानी बोलिंग यांनी माझ्या चौदा गाठी काढल्या. गर्भाशय जागेवर ठेवले. विमा कंपनीने बिल नाकारले. 'नसलेल्या अवयवातील गाठींचा खर्च देय नाही,' असे त्यांचे लेखी म्हणणे आहे, आणि पुरावा म्हणून आपलीच नोंद जोडली आहे. जोलीनच्या अशाच शस्त्रक्रियेचे बिल पूर्ण मंजूर झाले. मी माझे एकतीस हजार डॉलर हप्त्याहप्त्याने फेडत आहे.

पहिला अर्ज घेऊन मी आपल्या खिडकीवर आले, तेव्हा तिथल्या बाईंनी बराच वेळ शोधून सांगितले, "बाई, संगणकात पिशवी नाहीये."
"पोटात आहे."
"असेल हो. पण संगणकात नाहीये ना!"

५. जूनच्या अर्जावेळी मलाही ठाऊक नव्हते, ते आता कळवते. मी सहा महिन्यांची गरोदर आहे. आपला प्रसूती विभाग या काउंटीत एकमेव असून अटलांटा अडीच तासांवर आहे. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे मला कळा येऊ देणे धोक्याचे आहे, असे डॉ. बोलिंग यांनी बजावले आहे. मूल वेळेआधी, ४ जानेवारीला, शस्त्रक्रियेनेच काढावे लागेल. परंतु गर्भाशय नसलेल्या स्त्रीचे नाव आपली यंत्रणा प्रसूती विभागात घेत नाही. त्याऐवजी 'पोटास अकारण सूज' या कारणास्तव मला पचन विभागाची वेळ देण्यात आली.

मी गेले. तेथील तरुण डॉक्टरांनी यंत्र पोटावर ठेवले, मग दोनदा कान देऊन ऐकले. "ताई, अभिनंदन," ते म्हणाले. अहवालात त्यांनी 'वायू नाही' असे लिहिले. या सगळ्या प्रवासात 'तुमच्यासारख्या बाया' असे काही न म्हणता मला तपासणारे आपल्या रुग्णालयातील ते पहिलेच. घरी येताना मी गाडी कडेला लावून रडले.

तरी माझे गर्भाशय मला दप्तरी परत करावे, ही विनंती. नोंद-दुरुस्ती समितीची पुढील बैठक फेब्रुवारीत असल्याचे कळते. मूल जानेवारीत येणार आहे. त्याने थांबावे, असा अर्ज मी केलेला नाही.

आपली, सर्व अवयवांसह,
रेनिटा स्टोव्हॉल
दि. १२ ऑक्टोबर २०२३

सोबत : १) डॉ. बोलिंग यांचे पत्र. २) जोलीन हचेसन यांच्या पुस्तिकेची प्रत. ३) आपल्याच पचन विभागाचा अहवाल. त्यात वायू नाही. बाळाचे ठोके मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस.