जिन्यावरचं रडू

चि. सौ. नागवेणी हिला मंगळुराहून तिम्मप्पाचे आशीर्वाद.

हृदयाच्या ऑपरेशनला आज दहा दिवस झाले. टाके कोरडे आहेत, पेज पोटभर पितो. काळजी करू नकोस.

एकच गोष्ट कळत नाही. काल व्यायाम शिकवणाऱ्या शकुंतलाबाईंनी मला जिन्यापाशी नेलं. "फक्त दहा पायऱ्या," म्हणाल्या. मला हसू आलं. दिवसाला सुपारीच्या साठ पोफळी चढणारा माणूस मी! तर तिसऱ्या पायरीवर रडायलाच लागलो. दुखत नव्हतं, दमही लागला नव्हता. मग रडलो कशाला?

बाई म्हणाल्या, "पोलीससुद्धा रडून गेलेत इथं, तुमचं काय घेऊन बसलात!"

पुन्हा झाडावर कधी चढू, असं डॉक्टरांना विचारलं. "तीन महिन्यांनी बघू," म्हणाले. हे ‘हो’ समजायचं की ‘नाही’? तुला काय वाटतं?

यंदा पोफळींवर औषध मारायला कोण चढतंय? तुझा भाऊ चढणार असेल तर दोर आधी तपासून घ्यायला सांग. अम्माचा खोकला कसा आहे?

आज सात पायऱ्या चढलो, रडत रडतच. अम्माला फक्त पायऱ्यांचं सांग.

तुझाच,
तिम्मप्पा