पडद्याआडच्या मुली

६ नोव्हेंबर, गुरुवार

पंचायतीच्या दारातून माझी चप्पल गेली. नवी होती. बदल्यात कोणी सज्जन दोन्ही डाव्या पायांच्या ठेवून गेला. राष्ट्रीय दुखवटा जाहीर व्हावा अशी घटना — पण गावात कोणाला काही पडलेली नाही. डाव्या-डाव्या चालीनं घरी आले.

आत बैठक होती. किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचा जिल्हा आराखडा — ‘युवकांच्या सहभागातून’! युवक म्हणजे चंपतराव (वय चौसष्ट) आणि त्यांचे सवंगडी. पाळी, गरोदरपण, लग्नाचं वय, सगळ्यांवर मिशांनी मतं दिली. गाव तेलंगणात, बोली मराठी; म्हणून मी दुभाषी. आदिलाबादच्या जिल्हा आरोग्य कचेरीतून आलेल्या स्रवंती मॅडमना मराठीचं अक्षर कळत नाही, आणि मिशांना तेलुगू कळतं ते कापसाच्या भावापुरतं.

भांडण एकाच कलमावर. माझी भाची मीनल इंटरला, म्हणजे अकरावीला आहे; तिनं पोरींच्या वतीनं सुचवलेलं. अठराच्या आतली मुलगी एकटी दवाखान्यात आली तरी तिला तपासावं, घरचं माणूस आण म्हणून परत पाठवू नये. चंपतराव म्हणाले, मग घरच्यांनी काय नुसता कापूस वेचावा? सगळे हसले. मी तेही तेलुगूत केलं. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या बुधवारी मुलींनी स्वतः बोलावं म्हणाल्या. नाही बोलल्या तर कलम निघेल.

८ नोव्हेंबर

तोड चंपतरावांनीच काढली. इथे सून सासऱ्याशी दाराआडून बोलते, सासरा दाराकडे पाठ करून ऐकतो. तसंच करायचं — पोरी पडद्याआड, मोठी माणसं पाठमोरी. "त्याहीची लाज राह्यते अन् आमचीबी." यांची कुठे ठेवलेली असते, ते विचारायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज घडलं ते नीट लिहिते.

शेजारच्या राहीबाईचं हिरवं लुगडं आडवं बांधलं. मीनल, तिची मैत्रीण पूनम आणि राहीबाईच्या दोघी नाती माझ्यादेखत आत गेल्या. चौघीच. मागे भिंत, दार नाही.

आधी नुसत्या खिदळल्या. मग पूनमनं सांगितलं, शाळेतल्या संडासाला कडी नाही. मीनल कलमावर बोलली — धीटपणे, न अडखळता. मी तेलुगूत सांगत गेले. मिशा रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

मग पडद्याआडून एक हळू आवाज.

"मामाजी, मी बोलू का?"

गावच्या पोरी चंपतरावांना आबा म्हणतात. मामाजी म्हणणारी एकच होती, त्यांची सून सुनयना. पैनगंगेपलीकडून, महाराष्ट्रातून आलेली, तेलुगूचा गंध नसलेली, सतरा वर्षांची. गेल्या वर्षी याच कापसाच्या दिवसांत वारली. तिसरा महिना होता, अंगावरून जाऊ लागलं, म्हणून एकटीच दवाखान्यात गेली. तिथून परत पाठवली. चंपतराव कापूस घेऊन मार्केटात गेलेले. गावात ताप आला म्हणून सांगितलं होतं; खरं काय ते सगळ्यांना ठाऊक.

"मोठ्या मानसाले घेऊन ये म्हने. तुमी येईपावतर मी थांबली ना, मामाजी. पायरीवरच बसून होती."

तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. जेवण झाकून ठेवलंय, असं सांगावं तसं.

चंपतराव वळले नाहीत. पाठ तेवढी लहान लहान होत गेल्यासारखी दिसली. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. जिभेला हाड नाही म्हणून माझी ख्याती. आज जीभच नव्हती.

१३ नोव्हेंबर

मीनलला झापायला गेले — मेलेल्या पोरीची सोंगं काढता? तिचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आला.

"आमाले तर वाटलं आत्या, बाहेरून कोनी बोलून राह्यलं. तुया बाजूनं."

पूनमही तेच म्हणाली. तिला ताप भरलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

चंपतरावांच्या मालनबाई विरजण मागायला आल्या. भांडं आणायला विसरल्या होत्या. मालक त्या दिवसापासून माजघराच्या दाराकडं पाठ करून बसतात म्हणाल्या. जेवणावर वासना नाही. मधूनच मान हलवतात, ‘हो, बोल’ म्हणतात.

"आत कोनी नाई, कुसुमबाई. मी पाह्यलं." मग अगदी बारीक आवाजात — "आता पाहाले जात नाई."

मी गेले. टोमणे मारून माणूस उठवता येतो, असा माझा अनुभव. तोंड उघडणार, तोच चंपतराव न वळताच बोलले.

"मॅडमले सांगा, कलम राहू द्या म्हना. अन् ते जे बोलली, तेबी सांगा. तवा तुमी सांगतलं नाई."

तेलुगू कळो न कळो, माझं गप्प बसणं त्यांना बरोबर कळलं होतं.

त्यांच्या पाठीमागे, उंबऱ्याच्या आत, पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. अर्धा रिकामा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच मॅडमना फोन केला. तिचं जे बोलणं माझ्याकडे अडकून पडलं होतं, ते तेलुगूत जसंच्या तसं पोचतं केलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग मॅडम म्हणाल्या, "कलम त्याच दिवशी घातलं, कुसुमगारू. पण हे तुम्ही मला परत का सांगताय? ती मुलगी तेलुगूतच बोलली होती."