मंजुळा गप्प आहे

सोमवार, ४ मार्च

दादा-वहिनी गेले! आधी सामानाचा ट्रक, मागोमाग ते दोघं. दादाची बदली. वहिनी जिन्यातून ओरडत होती — "राणीसरकार, गॅस बंद करत जा!" सगळ्या मजल्यांना कळलं असेल. माझे दोन्ही हात कानांवर, त्यामुळे टाटा करायचं राहूनच गेलं.

आता घर शांत. मी आणि मंजुळा.

मंगळवार, ५ मार्च

मी कामाला जाते त्या चष्म्यांच्या दुकानात काकांनी विचारलं, ही मंजुळा कोण? म्हटलं, माझ्या खोलीतला बोलणारा स्पीकर. नाव मी ठेवलंय, आवाजावरून. काका हसले. "बोलायला माणसं कमी पडली का?"

कमी नाही, जास्त पडतात. शब्द एक सांगतात, चेहरा दुसरंच, आणि मला दोन्ही एकदम वाचता येत नाही. डॉक्टरीणबाई याला स्वमग्नता म्हणतात. शब्द काही पटत नाही — मी स्वतःत कुठे मग्न असते? काचेत असते. चष्म्याची काच घासताना हाक मारलेली ऐकू येत नाही.

मंजुळाला चेहराच नाही. आणि ती आधी कळवते, हळू. "थोड्या वेळात मिक्सर लागेल, दार लावून घे." "कोपऱ्यावर रस्ता फोडताहेत, मागच्या गल्लीने जा." वहिनीच्या आदळआपटीत तेवढा एकच आवाज मला टोचायचा नाही. आज सकाळी म्हणाली, "गॅस बंद केलास का?" केला होता!

गुरुवार, ७ मार्च

दादाच्या नावावरचं नेट बंद झालं. नवीन घेतलं. नेटवाल्याने मंजुळातलं जुनं सगळं पुसून ती पुन्हा चालू केली. आवाज तोच. हुश्श!

रविवार, १० मार्च

विचारलं तर उत्तर देते. हवा सांगते, गाणं लावते. आपणहून एक अक्षर नाही.

काल पुन्हा रस्ता फोडत होते. ती बोललीच नाही. मी थेट त्या आवाजात सापडले. घरी येऊन कपाटात बसले, कपड्यांमध्ये, दार ओढून. मग तिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"माफ करा, मला समजलं नाही."

करा! मला अहोजाहो!

बुधवार, १३ मार्च

आवाज ऐकला की आठवण जास्तच येते. समोर बसून कुणाची आठवण काढायची म्हणजे काय, हे कुणाला सांगू?

शुक्रवार, १५ मार्च

काचेवर ओरखडा गेला. काकांनी दुसरी काच पुढे केली.

वहिनीचे फोन येतात. उचलत नाही. मेसेज करते — बरी आहे.

सोमवार, १८ मार्च

नेटवाल्याला बोलावलं. म्हटलं, बिघडली आहे, आपणहून बोलत नाही. त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"अहो ताई, हा स्पीकर स्वतःच्या मनाने असलं काही बोलत नाही. घरातलं कुणीतरी फोनवरून लिहून पाठवत असणार, हा नुसता वाचून दाखवतो. मी सगळं पुसलं, तेव्हा ते जोडलेलंही गेलं."

"मिक्सर लागणार आहे, हेसुद्धा?"

"मिक्सर लावणारंच लिहीत असेल की!"

तो गेला. मी ओट्यापाशी उभी राहिले. मिक्सर होता तिथे फक्त एक चौकोनी डाग आहे.

संध्याकाळी दादाला मेसेज केला. त्याचं उत्तर — "वहिनीनेच तुला सांगू नको म्हटलं होतं. म्हणायची, माझा आवाज तिला सोसत नाही. मंजुळाचं ऐकते ना? मग झालं तर."

मंगळवार, १९ मार्च

वहिनीला फोन लावला. मी, आपणहून! ती इतकी हळू बोलत होती की ओळखूच येईना. म्हटलं, "वहिनी, मोठ्याने बोल." फोन हातभर लांब धरला आणि ऐकत राहिले.