शांगाईचा नारळ

शांगाईची भांडणं मिटवून आलो म्हनला हुता तुमी. मिटली न्हवती. मग आमाला खोटं का सांगितलं, आबा?

मी पाच-सात वर्सांची आसंन. चुलीम्होरं कोळशानं तुमी मला 'गमभन' गिरवून घ्यायचा आन् पलटनीतलं सांगायचा. गोऱ्यांच्या कोठ्या राखाया बोटीनं शांगाईला गेलतो, म्हनायचा. मला वाटायचं, मरीआई तशी शांगाई; लांबची कुनी देवी आसंल. "आबा, नारळ फोडला का तिला?" आये हसता हसता भाकर करपवून बसली. तुमी हसला न्हाई. "देवी न्हवं पोरी, चिन्याचं गाव हाय." "मग चिन्यानं आपलं काय केलंतं?" तर डोळं वटारलं. "शिपायानं इचारायचं नसतं. तूबी इचारू नगं."

लेक बाळंतपणात गेली, तवापासनं नातू मीच वाढवला. फौजंत खेचरं हाकायला लागला. यंदा रजेवर आला तर जेवता जेवता म्हनतोय, "आज्ये, शांगाईला धाडत्यात."

"आता काय तितं?"

"त्यांची त्यांच्यातच जुंपलीया. राज्य कुनाचं, ठरंना. गोऱ्यांच्या कोठ्या राखायच्या." घास हातातच. "चिन्यांनी आपलं काय केलंय गं?"

"तुज्या पणज्याला म्याबी हेच इचारलं हुतं."

"मग?"

"मग काय? डोळं वटारलं."

लई हसला. ते हसणं अजून ह्या सोप्यात हाय.

तो गेल्यावर शेजारच्या गिरणीवाल्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. दिल्लीच्या कायदे करायच्या सभेत आपल्या लोकांनीबी तेच इचारलं म्हनं, आमाला न इचारता आमची पोरं चीनला का? आमचं त्यांचं वैर काय? लाटसाहेबानं बोलूच दिलं न्हाई. एवढी शिकलेली मानसं, त्यांचीबी गत माज्यासारखीच की.

मग तार आली. तापानं गेला, एवढंच. जाळला का पुरला, लिवलं न्हाई. तुमी जिता आला म्हनून तोबी येईल, आसं मी धरून बसले हुते.

तुमी जाऊनबी लई वर्सं झाली; ह्यो कागद हितंच फडताळात ऱ्हाईल. शांगाई गाव हाय, मला ठावं हाय, आबा. तरी तो रजेवरनं तिकडं निघाला त्या दिशी तिच्या नावानं नारळ फोडला. खोबरं वाटताना बायांनी इचारलं, कुन्या देवीचा? मरीआईचा म्हनून सांगितलं.

चिन्यानं आपलं काय केलंतं, ह्याचं उत्तर तुमी देऊ नगा. तुमालाबी कुनी सांगितलं नसंल. लाटसाहेबानं द्यावं. आन् डोळं न वटारता द्यावं.